भाडे उत्पन्नासाठी गृहगुंतवणूक (महाराष्ट्र)

भाडे उत्पन्नासाठी गृहगुंतवणूक म्हणजे स्वतः राहण्यासाठी नव्हे, तर भाड्याने देऊन नियमित उत्पन्न मिळवण्यासाठी घर विकत घेणे. अशा उत्पन्नाला 'निष्क्रिय उत्पन्न' म्हटले जाते. मात्र भाडेकरू शोधणे, करार करणे, दुरुस्ती आणि कर ही कामे मालकाकडेच राहत असल्याने हे नाव अंशतःच खरे आहे.

पार्श्वभूमी

मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ नुसार जुन्या घरांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले गेले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने राहत असलेल्यांनाही पुढे कायद्याने भाडेकरूचा दर्जा मिळाला. एकदा दिलेले घर परत मिळणार नाही, ही भीती मालकांच्या मनात तेव्हापासून बसली आणि अनेकांनी घरे रिकामी ठेवणेच पसंत केले. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात प्रमाण भाड्याच्या तरतुदी कालबाह्य ठरवल्या. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला.

करार

आज बहुतेक घरे 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धतीने दिली जातात. यात राहणाऱ्यास वापराची केवळ परवानगी मिळते. घरात त्याचा हितसंबंध निर्माण होत नाही. १९९९ च्या अधिनियमातील कलम २४ नुसार मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून मालक सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ताबा मागू शकतो आणि दुप्पट दराने भरपाई मिळण्यास पात्र ठरतो.

अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. ती न केल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्या मानाने खर्च किरकोळ आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडे व अनामत रकमेवरील १० टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के, तर नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० व ग्रामीण भागात ५०० रुपये असते.

प्रत्यक्ष परतावा

पुण्यातील ६० लाख रुपयांच्या सदनिकेचे काल्पनिक उदाहरण घेता येईल. मासिक भाडे १६,००० रुपये धरल्यास वर्षाला १,९२,००० रुपये, म्हणजे किमतीच्या ३.२ टक्के उत्पन्न दिसते. परंतु खरेदीवेळी ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३०,००० रुपये नोंदणी शुल्क जाऊन गुंतवणूक ६४.५ लाख होते. देखभाल ३६,०००, मालमत्ता कर ८,०००, दुरुस्ती १२,००० आणि घर एक महिना रिकामे राहिल्याचे १६,००० रुपये वजा केल्यास हाती १,२०,००० रुपये, म्हणजे सुमारे १.९ टक्केच राहतात.

कर्ज असल्यास चित्र आणखी बदलते. ८.५ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या ४५ लाखांचा मासिक हप्ता सुमारे ३९,००० रुपये होतो. भाड्यातून त्याचा निम्मा भागही निघत नाही, उरलेला हप्ता पगारातूनच भरावा लागतो. त्यामुळे असा व्यवहार मुख्यतः किंमतवाढीच्या अपेक्षेवर उभा असतो. ती अपेक्षा फसल्यास घर तातडीने विकून रोख रक्कम उभी करणेही सोपे नसते.

कर व संस्थेचे शुल्क

प्राप्तिकरासाठी भाड्यातून प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवता येत नाही. कर्जाचे व्याजही वजा होते, पण नव्या करप्रणालीत त्यातून होणारा तोटा पगारासारख्या अन्य उत्पन्नातून वळता करता येत नाही.

गृहनिर्माण संस्था भाड्याने दिलेल्या सदनिकेवर बिनभोगवटा शुल्क आकारतात. राज्य शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही आणि त्या हिशेबात पालिकेचे कर धरले जात नाहीत.