सत्त्वपरीक्षा : आघात एक, आतुर अनेक

मराठीत ‘सत्त्वपरीक्षा’ हा शब्द कसोटीचा प्रसंग या अर्थी रूढ झाला आहे. चरकाचार्यांनी मात्र विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तो रुग्णपरीक्षेचा विषय म्हणून मांडला. प्रकृती, विकृती, सार, संहनन यांच्याच मालिकेत सत्त्वही तपासावे, असा त्यांचा निर्देश आहे. आपल्या केसपेपरवर नाडी, जिह्वा, मल, मूत्र यांना जागा असते. सत्त्वाचा रकाना बहुधा कोरा राहतो. बीड जिल्ह्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यास तो कोरा ठेवणे परवडणारे नाही, असे आमचे मत आहे.

सोलापूर-धुळे महामार्ग आणि अहिल्यानगर-अंबाजोगाई रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, त्या मांजरसुंब्याच्या चौकातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जाऊ लागतात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. १९७२, २०१२-१३ आणि २०१५-१६ या दुष्काळांनी बालाघाटाच्या माथ्यावरील वस्त्यांना सारखेच भाजून काढले. तरीही एकाच वस्तीवर, एकाच हंगामात पीक गमावलेल्या दोन माणसांपैकी एक दुसऱ्या दिवशी कामाला लागतो, तर दुसऱ्याची झोप महिनोन्महिने उडते. तिसरा कसलीच तक्रार करीत नाही. केवळ पोट बिघडल्याचे सांगून औषध मागतो.

चरकांनी सत्त्वाचे प्रवर, मध्यम आणि अवर असे तीन भेद सांगितले. प्रवरसत्त्व मनुष्य अल्पशरीर असला तरी मोठ्या निज-आगंतु पीडेतही डगमगलेला दिसत नाही. अवरसत्त्व मनुष्य महाशरीर असूनही अल्प वेदना सोसू शकत नाही. भयंकर कथा ऐकून किंवा रक्तमांस पाहून त्यास विषाद, वैवर्ण्य, मूर्च्छा, उन्माद असे विकार जडू शकतात. देहाच्या ताकदीवरून मनाच्या सहनशक्तीचा अदमास बांधू नये, हा यातील स्पष्ट इशारा होय. कोयता चालविणारा धिप्पाड गडी खचणारच नाही, हे आपण गृहीत धरतो, आणि तेथेच फसतो.

आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भेद मध्यमसत्त्वाचा. असा मनुष्य इतरांना सोसताना पाहून स्वतःस सावरतो, अथवा इतर त्यास सावरतात. म्हणजे आघाताचा परिणाम केवळ आघाताच्या आकारावर किंवा रुग्णाच्या स्वभावावर ठरत नाही. त्याच्या शेजारी कोण उभे आहे, यावरही ठरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मृत्यू पावली. नंतर गावे नव्या जागी वसली. घरे पक्की झाली, परंतु सरळ, रुंद रस्त्यांच्या आखणीत अनेक ठिकाणी जुने शेजार विखुरले. मध्यमसत्त्व माणसाचा आधार तेथेच होता. यास्तव सत्त्वभेद हा चारित्र्याचा दाखला समजू नये. ‘हा कमकुवतच’ असा शेरा मारणे ही चिकित्सा नव्हे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांनी २००४ मध्ये मांडलेले विवेचन येथे जुळते. आघातानंतर पुष्कळ माणसे दैनंदिन व्यवहार टिकवून धरतात. काही खचून हळूहळू सावरतात. काहींचा त्रास रेंगाळतो, तर काहींत तो उशिरा प्रकट होतो. न रडणारा विकृत नव्हे, आणि लगेच रडणारा दुर्बल नव्हे. घटना लगोलग तपशिलाने सांगावयास लावण्याची एकवेळची पद्धत सर्वांना सरसकट वापरू नये, असे मत आता प्रस्थापित आहे. अवरसत्त्वास भयंकर कथांपासून जपावे, हे आपल्या संहितेवरूनही ध्यानात येते. रुग्ण बोलेल तेव्हा ऐकावे. खोदून विचारू नये.

चिकित्सेत प्रथम झोप, अन्न आणि सोबत पाहावी. भयज व शोकज अतिसारात वातहर उपचारांसह हर्षण व आश्वासन सांगितले आहे. पोटाची तक्रार घेऊन आलेल्या त्या तिसऱ्या रुग्णासाठी हे सूत्र अमूल्य आहे. सत्त्वावजयाचे स्थान औषधाच्या बरोबरीचे आहे. ते शेवटी सुचविण्याचे पथ्य नव्हे.

औषधी दुकानदार बंधूंना दोन गोष्टी आवर्जून सांगावयाच्या आहेत. ‘झोपेचे काहीतरी द्या’ म्हणणाऱ्यास सारस्वतारिष्ट देताना त्यात स्वयंजनित मद्यांश असतो, हे मद्यपान सोडू पाहणाऱ्याच्या बाबतीत विसरू नये. स्मृतिसागर रसात पारद, हरताल, मनःशिला असल्याने तो वैद्याच्या सल्ल्याविना काउंटरवरून देऊ नये.

त्रास महिन्यापलीकडे टिकला, व्यसन वाढले, माणूस निरवानिरवीची भाषा करू लागला, तर जीव नकोसा झाला आहे का, हे सरळ विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा गैरसमज आहे. अशा वेळी त्यास एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशक हलवावयास सांगावे आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तो निःशुल्क असून चोवीस तास चालतो. गाडी चौकातून सुटण्यापूर्वी हा क्रमांक औषधाच्या पुडीवर लिहून द्यावा. हंगामभर कारखान्याच्या तळावर राहणाऱ्यास आपला दवाखाना दूर पडतो.