तपकिरी रंगाची साक्ष

मानेवरच्या गाठीचा तुकडा काढून तपासणीला पाठवला, की घरातील सारी मंडळी एकाच प्रश्नाने बेचैन होतात : गाठ साधी की कॅन्सरची? परंतु उत्तर ‘कॅन्सरची’ असे आले, तरी प्रश्न तेथेच संपत नाही. कॅन्सर कोणत्या जातीचा, हे कळल्याखेरीज उपचार ठरत नाही. लसिकापेशींचा कॅन्सर, म्हणजे लिम्फोमा, आणि दुसऱ्या एखाद्या अवयवातून मानेत पसरलेला कॅन्सर, हे दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी जुळ्या भावांसारखे दिसतात. पहिला बऱ्याचदा औषधांनी पुरता बरा होऊ शकतो. दुसऱ्याची वाट निराळी. येथे गफलत झाली, तर रोग्याच्या जिवावरच बेतायचे.

या जुळ्या भावांतला फरक सांगण्याचे काम आज प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडे करतात.

शरीरात परका पदार्थ शिरला की त्याला जाऊन चिकटणारी प्रथिने रक्तात तयार होतात, हीच प्रतिपिंडे. किल्ली जशी आपल्याच कुलपाला लागते, तसे प्रत्येक प्रतिपिंड ठरावीक खुणेलाच चिकटते. तेव्हा प्रतिपिंडाला रंग जोडला, तर ती खूण कोठे आहे ते डोळ्यांना दिसेल, ही युक्ती अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी १९४१ साली करून दाखवली. अडचण होती ती भेसळीची. प्राण्याच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांत नाना जातींची सरमिसळ असे. शिवाय प्राणी गेला की साठाही संपला!

ही अडचण १९७५ साली केंब्रिज येथे दूर झाली. अर्जेंटिनात जन्मलेले सेझार मिल्स्टाइन आणि तरुण जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज कोलर यांनी उंदराला मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचल्या. त्याच्या पाणथरीतून प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी काढल्या. या पेशी शरीराबाहेर फार दिवस तगत नाहीत. म्हणून त्यांचा संयोग त्यांनी उंदराच्याच कॅन्सरपेशींशी घडवून आणला. कॅन्सरपेशी अखंड वाढत राहतात. तोच गुण जोडपेशीत उतरला आणि एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके मिळू लागले. या पद्धतीचे पेटंट घेतले गेले नाही, त्यामुळे ती जगभरच्या प्रयोगशाळांत झपाट्याने पसरली. १९८४ साली नील्स येर्ने यांच्यासह या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि प्रतिपिंड मिळाले म्हणजे काम झाले असे नाही. जर्मनीतील कील शहराचे उदाहरण पाहा. वाढत्या पेशींच्या केंद्रकाला चिकटणारे एक प्रतिपिंड तेथे सापडले आणि १९८३ साली प्रसिद्ध झाले. शहराचे नाव आणि ९६ खळग्यांच्या थाळीतील ६७ वा खळगा, यांवरून त्याला ‘की-६७’ म्हणतात. पण ते ताज्या, गोठवलेल्या तुकड्यावरच चाले. रुग्णालयातील तुकडे तर फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणात बसवलेले असतात. फॉर्मॅलिनमुळे प्रथिनांचे धागे एकमेकांत गुंततात आणि ओळखीची खूण झाकली जाते.

१९९१ साली शान-रोंग शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की मेण काढलेला काप द्रावणात बुडवून मायक्रोवेव्हमध्ये चांगला तापवला की या खुणा पुन्हा उघड्या होतात. घराघरांत भात गरम करणाऱ्या पेटीने निदानाची कोंडी फोडली! त्याच सुमारास मेणातील तुकड्यावर चालणारे ‘मिब-१’ हे नवे प्रतिपिंडही तयार झाले. मग कपाटांत वर्षानुवर्षे पडून असलेले तुकडेही बोलू लागले.

आज मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतक्या पातळ कापावर प्रतिपिंड सोडतात. त्याला चिकटणारे दुसरे प्रतिपिंड आपल्याबरोबर एक विकर आणते आणि त्यामुळे तेथे तपकिरी रंग उमटतो. लिम्फोमाची खूण उजळली आणि अवयवाच्या अस्तराची खूण कोरीच राहिली, की जुळ्यांपैकी कोण ते कळते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ‘हर-टू’ प्रथिनाचा रंग किती गडद, यावर एक महत्त्वाचे औषध द्यावे की नाही हे ठरते. मात्र एकट्या रंगावर विसंबत नाहीत. ज्यात खूण नक्की आहे आणि ज्यात नक्की नाही, असे दोन्ही तुकडे शेजारी रंगवून पडताळा घेतात, आणि एकाऐवजी अनेक प्रतिपिंडांची साक्ष काढतात.

यातून आपणा परदेशस्थांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबई-पुण्यास शस्त्रक्रिया होऊन पुढचे उपचार येथे व्हायचे असतील, तर नुसता रिपोर्टाचा कागद आणून भागत नाही. त्या रुग्णालयाकडे काचा आणि मेणाचा ठोकळा यांचीही विचारणा करा. येथील डॉक्टरांनाही आधी कळवून ठेवा. कागदावर दुसऱ्याचे मत लिहिलेले असते. ठोकळ्यावर मात्र नवी चाचणी करून पाहता येते. आगपेटीहून लहान असा हा ठोकळा, पण आपल्या माणसावर कोणते उपचार व्हायचे याचे उत्तर कदाचित त्याच्यातच असेल.