‘चांगला होता’, ‘चांगला आहे’ आणि ‘चांगला आहे म्हणे’ : नगरकडील चित्रपटविषयक अभिप्रायाची भाषा

चित्रपटाविषयीचा अभिप्राय म्हटला की अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर प्रथम वृत्तपत्रातील परीक्षण उभे राहते. ते लिखित असते, त्याला लेखक असतो आणि ते जपून ठेवता येते. परंतु चित्रपट पाहावा की न पाहावा, हा निर्णय बहुसंख्य माणसे परीक्षण वाचून घेत नाहीत. एस. टी. स्थानकावर, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर किंवा गावच्या पारावर कोणी तरी कोणाला तरी काही सांगतो आणि त्यावर तो निर्णय ठरतो. या बोललेल्या अभिप्रायाकडे अभ्यासकांचे जवळजवळ दुर्लक्षच झाले आहे. त्याचे एक कारण उघड आहे : वरवर पाहता ही भाषा दरिद्री वाटते. ‘भारी’, ‘लई भारी’, ‘एक नंबर’, ‘बरा’, ‘टुकार’, ‘भंगार’ अशा पाचसात विशेषणांवर सगळा कारभार चाललेला दिसतो. एवढ्या शब्दांत कसली रसिकता असणार, असा ग्रह त्यामुळे सहज होतो.

हा ग्रह चुकीच्या जागी पाहिल्यामुळे होतो. बोलीतील अभिप्रायाचा खरा भार विशेषणावर नसून क्रियापदावर असतो. सांगणारा किती ठामपणे सांगतो आहे, स्वतः पाहून सांगतो आहे की ऐकून, आणि ऐकणाऱ्याचे पैसे वाया गेले तर त्याची जबाबदारी कितपत घेण्यास तो तयार आहे, हे सारे क्रियारूपांतून व्यक्त होते. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील बोलण्याच्या आधारे हे स्पष्ट करता येते. येथे विचारात घेतलेली बहुतेक रूपे केवळ नगरची नाहीत, ती सबंध मराठीची आहेत. तरीही नगर जिल्हा निवडण्यास विशेष कारण आहे. या जिल्ह्याच्या परिसरातील बोलणे अलीकडच्या काळात स्वतःच पडद्यावर आले आणि येथील प्रेक्षकांवर आपल्याच भाषेविषयी अभिप्राय देण्याचा प्रसंग आला. त्याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

प्रथम साध्या वाक्यांपासून आरंभ करू. ‘पिक्चर चांगला होता’ आणि ‘पिक्चर चांगला आहे’ ही दोन वाक्ये काळाने भिन्न आहेत, एवढे व्याकरण सांगते. चित्रपट तर तोच आहे. काल पाहिला म्हणून त्याचा चांगुलपणा आज संपलेला नाही. मग भूतकाळ कशाचा? तो सांगणाऱ्याच्या अनुभवाचा आहे. ‘होता’ म्हणणारा स्वतःचे काय झाले ते सांगतो आणि तेथेच थांबतो. ‘आहे’ म्हणणारा अनुभवापासून गुणाकडे जातो : तो गुण चित्रपटात आहे, अजून आहे, आणि ऐकणारा गेला तर त्यालाही तो सापडेल. म्हणून ‘कसा होता?’ या प्रश्नाला ‘चांगला आहे’ असे उत्तर आले की ती शिफारस होते. ‘चांगला होता’ असे उत्तर आले तर ती केवळ हकिकत राहते. ग्रामीण उच्चारात ‘व्हता’ आणि ‘हाय’ अशी रूपे ऐकू येतात, पण भेद हाच.

तिसरे रूप ‘म्हणे’ हे होय. ‘चांगला आहे म्हणे’ या वाक्यातील ‘म्हणे’ मूळचे ‘म्हणणे’ या धातूचे रीतिभूतकाळी रूप. आज मात्र त्याला कर्ता लागत नाही आणि वचनाप्रमाणे ते बदलतही नाही. ‘हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे’ एवढे दाखविणारे ते अव्ययच झाले आहे. जगातील कित्येक भाषांत ऐकीव माहितीसाठी क्रियापदाला स्वतंत्र प्रत्यय लागतो. आपल्याकडेही पाणिनीने लिट् हा लकार बोलणाऱ्याने न पाहिलेल्या भूतकाळासाठी सांगितला आहे. मराठीने तो लकार गमावला, पण त्याची गरज गमावली नाही. (परीक्षण लिहिणाऱ्यांना ‘म्हणे’ वापरण्याची मुभा नसते, कित्येकदा ती असती तर बरे झाले असते.) चित्रपट न पाहता त्याविषयी बोलणे यात बोलीच्या दृष्टीने काही गैर नाही, ‘म्हणे’ न लावता बोलणे मात्र गैर. ‘तू बघितलास का?’ हा प्रतिप्रश्न अशा वेळी लगेच येतो आणि बोलणाऱ्याला मागे सरावे लागते.

याच मालिकेतील ‘निघाला’ हे क्रियापद विशेष लक्षणीय आहे. ‘पिक्चर चांगला निघाला.’ कलिंगड गोड निघते, बैल कष्टाळू निघतो, जावई चांगला निघतो. वापरल्याखेरीज, कापल्याखेरीज किंवा काही काळ गेल्याखेरीज ज्यांचे आतले कळत नाही अशा गोष्टींसाठी मराठीने हे क्रियापद राखून ठेवले आहे. बोलणाऱ्याची पूर्वीची अपेक्षा काही निराळी होती किंवा निदान अनिश्चित होती, हेही त्यातून सूचित होते. तिकीट काढताना चित्रपट हा न कापलेल्या कलिंगडासारखा असतो, हे या एका क्रियापदाने मान्य केले आहे.

जबाबदारीचा प्रश्न याच्याही पुढे जातो. ‘तू सांगितलेला पिक्चर भंगार निघाला’ या वाक्यात ‘सांगितलेला’ या धातुसाधिताने चित्रपट सांगणाऱ्याच्या पदरात टाकला आहे. दिग्दर्शक आणि नट बाजूला राहिले. आता तो ‘तुझा पिक्चर’ झाला. ज्या गावात चित्रपटगृह नाही, तेथून तालुक्याला किंवा नगरला जाऊन चित्रपट पाहणाऱ्याला तिकिटाबरोबर एस. टी.चे भाडे पडते आणि बहुधा अर्ध्या दिवसाचे काम बुडते. म्हणून आज्ञार्थातही श्रेणी आढळतात. ‘बघ’ हे सौम्य, ‘बघच’ यात आग्रह, आणि ‘बघून ये’ यात जाण्यायेण्याच्या खटाटोपाचाही हिशेब धरलेला. वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना ‘बघा दादा’ असे सांगणे धाडसाचे वाटते. तेथे ‘एकदा बघावा असा आहे’ हे विध्यर्थी रूप येते, म्हणजे सल्ला माणसाला न देता चित्रपटाच्या योग्यतेविषयी बोलल्यासारखे होते. आणि सर्वांत कठोर निषेध कोणता? त्यात एकही विशेषण नाही : ‘नाही बघितला तरी चालेल.’

‘पाहण्यासारखा’ या शब्दाबाबतही थोडे सांगितले पाहिजे. तो क्वचितच एकटा येतो. ‘घरच्यांबरोबर पाहण्यासारखा’, ‘आईला घेऊन जाण्यासारखा’, ‘मित्रांबरोबरच पाहण्यासारखा’ असा तो बहुधा कोणत्या तरी नात्याच्या संदर्भात येतो. चित्रपटाची योग्यता स्वयंभू नसून सोबतीवर अवलंबून आहे, हे गृहीत धरूनच शिफारस होते. लिखित परीक्षणात ही कोटी जवळजवळ आढळत नाही.

चित्रपट पाहून आलेला माणूस केवळ मत देत नाही, तो गोष्टही सांगतो. एकाने पाहायचा आणि दहांनी ऐकायचा, ही रीत ग्रामीण भागात दीर्घकाळ होती. यात्राजत्रांतून फिरणाऱ्या तंबूंच्या काळात तर ती फार बळकट होती. मालमोटारीवर यंत्र, रिळे आणि कनाती लादून हे तंबू महाराष्ट्रभर गावोगाव जात. त्यांच्या अखेरच्या काळाचे दर्शन शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात घडते. तंबूबाहेर भोंग्यावरून जी भाषा चाले ती विशेषणांनी ओसंडून वाहणारी असे, आणि आतून बाहेर आलेल्या माणसाची भाषा नेमकी उलट. श्रोता कोणावर विश्वास ठेवी, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या कथनात काळाची वाटणी ठरलेली असते. गोष्ट वर्तमानकाळात : ‘तो येतो, दार उघडतो, बघतो तर कोणी नाही.’ मत भूतकाळात : ‘तिथं मजा आली’, ‘मधी जरा लांबवला.’ एकाच दमात सांगणारा या दोन काळांतून ये-जा करतो आणि श्रोत्याचा कधी गोंधळ होत नाही. पात्राचे नाव मात्र फारसे टिकत नाही; ‘अमिताभ मरतो शेवटी’ असेच म्हटले जाते. याला अज्ञान म्हणणे घाईचे होईल. नट आणि पात्र यांचे असे एकत्व येथील प्रेक्षकाला फार जुने आहे. १९१८ साली नगर येथे ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले शाहू मोडक पडद्यावर कृष्ण म्हणून सर्वमान्य झाले आणि १९४० मध्ये प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वर झाले. ज्या नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते याच जिल्ह्यात आहे. सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या कथेवरचा चित्रपट पाहून येणाऱ्याला ‘शेवट सांगू नको’ असे कोणी बजावीत नाही. ती मनाई रहस्यपटाबरोबर आली असावी. कीर्तन ऐकणाऱ्या समाजाला शेवट माहीत असण्याची अडचण कधीच नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. वर दिलेली सगळी उदाहरणे बोलीतील आहेत. पण ज्या चित्रपटांविषयी ही बोली बोलत होती, त्यांची भाषा बहुतांशी हिंदी किंवा पुणेरी वळणाची मराठी होती. पडद्यावर ग्रामीण मराठी आली तरी ती पुष्कळदा ठरावीक साच्याची, हशा पिकवण्यासाठी आलेली असे. प्रेक्षक चित्रपटाच्या भाषेवर मत देत नसे, कारण ती भाषा त्याची नव्हती.

ही परिस्थिती गेल्या दोन दशकांत बदलली. सोलापूर जिल्ह्यातील नागराज मंजुळे यांनी नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांचा ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे कथानक नगरजवळच्या अकोळनेर गावात घडते. श्रीगोंदे तालुक्यातील भाऊराव कऱ्हाडे यांनी शेतजमीन विकून पैसा उभा केला आणि धनगर कुटुंबाच्या भटकंतीवर ‘ख्वाडा’ केला. तो २०१५ मध्ये चित्रपटगृहांत आला. त्याला मिळालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांपैकी एक स्थळावरील ध्वनिमुद्रणासाठीचा होता, ही गोष्ट भाषाभ्यासकाने विसरू नये : माणसांचे बोलणे जेथे बोलले गेले तेथेच टिपले गेले होते. २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ आला आणि शेजारच्या करमाळ्याकडील बोलणे सबंध महाराष्ट्राने ऐकले. ‘सैराट’विषयीचा रूढ अभिप्राय तर विशेषणाच्या पलीकडे जाऊन संख्येवर आला : ‘तीनदा बघितला’, ‘पाचदा बघितला.’ संख्या सांगितल्यावर आणखी काही सांगावे लागत नसे.

या चित्रपटांनी अभिप्रायात एक नवे वाक्य आणले : ‘आपल्यासारखंच बोलत्यात.’ हे वाक्य वाटते तितके सरळ नाही. त्यात कौतुक असू शकते, संकोचही असू शकतो. ज्याला शाळेत ‘व्हतं’ म्हटल्याबद्दल टोकले गेले आहे, त्याच्या कानांवर तेच ‘व्हतं’ पडद्यावरून, तिकीट काढून ऐकण्याच्या जागी पडले. शिवाय ‘आपल्या’ या सर्वनामात कोण येतो, हा प्रश्न उरतोच. मराठीत ‘आपण’ श्रोत्याला सामावून घेते, ‘आम्ही’ त्याला वगळते. ‘आपल्यासारखंच’ म्हणणारा श्रोत्याला आपल्यात धरतो. ‘आमच्यासारखं’ म्हणणाऱ्याने मध्ये एक रेघ ओढलेली असते.

‘फँड्री’च्या बाबतीत ही रेघ शीर्षकापासूनच दिसते. हा शब्द कैकाडी भाषेतील आहे. मराठी प्रेक्षकाला तो परका. म्हणून चित्रपटाची शिफारस करण्यापूर्वी सांगणाऱ्याला ‘फँड्री म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे. उत्तर एका शब्दाचे : डुक्कर. पण तो एक शब्द उच्चारताच जब्याच्या घराण्यावर गावाने लादलेले काम आणि त्यावरून त्याला मिळणारी हेटाळणी, दोन्ही उघड होतात. म्हणजे शीर्षकाचा अर्थ सांगणे हेच कथानक सांगणे होते. ज्यांना हा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही, ते कैकाडी बोलणारे प्रेक्षक होते. अन्य व्यवहारात त्यांच्या भाषेतील शब्दाचा अर्थ त्यांना कोणी विचारायला जात नाही. येथे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला तो विचारावा लागला.

आणि याच चित्रपटाच्या शेवटाशी गोष्ट सांगणाऱ्याचा ठरलेला वर्तमानकाळ अडखळतो. ‘डुक्कर खांद्यावर टाकून नेत्यात, पोरं चिडवत्यात, मग जब्या दगड उचलतो आन् मारतो.’ पडद्यावर तो दगड छेड काढणाऱ्याच्या रोखाने सुटतो आणि कॅमेऱ्याकडे, म्हणजे पाहणाऱ्याकडे येतो; तेथेच चित्रपट संपतो. ‘मारतो’ला चतुर्थी लागते. ‘कोणाला?’ असे श्रोत्याने विचारले की सांगणाऱ्याला दोनच वाटा राहतात : ‘त्या पोराला’ म्हणायचे, किंवा ‘आपल्याला’ म्हणायचे.