टाळे लावते कोण आणि मोजते कोण?

नागपूरची 'नीरी' म्हणजे कारखान्यांना टाळे ठोकणारे सरकारी खाते, अशी आमच्या बऱ्याच व्यापारी बांधवांची समजूत आहे. ती चुकीची आहे, शिवाय धंद्याला महाग पडणारी आहे. नोटीस काढणे, वीज-पाणी तोडायला लावणे हे अधिकार राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असतात. नीरी ही संशोधन संस्था. ती नमुने घेते, मोजते, उपाय सुचवते, अहवाल देते.

१९५८ साली संस्था सुरू झाली तेव्हा तिचे काम मुख्यतः पिण्याचे पाणी, मैला आणि साथीचे रोग यांवर होते. १९७४ मध्ये तिला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था हे नाव मिळाले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची ही प्रयोगशाळा आहे, म्हणजे केंद्राच्या पैशावर, पर्यायाने तुमच्या-आमच्या करावर चालते. शिवाय नगरपालिका व कारखानदार शुल्क भरून तिला कामे देतात. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई व हैदराबाद येथे तिची विभागीय केंद्रे आहेत.

तिच्या अहवालाचे वजन किती, हे तामिळनाडूतील चामडे कमावणाऱ्यांना विचारावे. आंबूर, वाणियंबाडी भागातील या धंद्यात मुस्लिम कारखानदार मोठ्या संख्येने आहेत. पालार नदी नासल्याची तक्रार १९९१ साली सर्वोच्च न्यायालयात गेली. पाच जिल्ह्यांत नऊशेच्या वर टॅनऱ्या, एक किलो चामड्यामागे सुमारे ३५ लिटर पाणी. शुद्धीकरण केंद्रे खरोखर चालतात का, हे पाहण्यास न्यायालयाने नीरीला सांगितले. २८ ऑगस्ट १९९६ च्या निकालात प्रत्येक टॅनरीला दहा हजार रुपये दंड झाला. नुकसान करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्वही त्याच निकालात पक्के झाले. दंडाची रक्कम किरकोळच. खरा फटका नवी यंत्रणा उभारण्याचा आणि तोवर धंदा बंद ठेवण्याचा.

आमच्या मते त्यातला काही खर्च आधीच टळला असता. कच्च्या कातड्यावरचे मीठ भिजवण्यापूर्वी झटकून काढले तरी सांडपाण्यातला खार कमी होतो. साध्या शुद्धीकरणाने तो निघत नाही.

शिवकाशीच्या फटाकेवाल्यांचा अनुभव वेगळा आहे. २०१८ च्या न्यायालयीन निर्बंधानंतर त्यांनी नीरीशी करार करून कमी धुराच्या फटाक्यांची कृती घेतली.

मुंबईचे केंद्र वरळीला आहे. काम देण्यापूर्वी शुल्क, मुदत आणि कोणते नमुने तपासणार, हे लेखी ठरवून घ्यावे.