छापा-काट्याने दिलेलं उत्तर

करमाळ्याहून एका वाचकाने विचारलं आहे, ‘कोरडवाहू शेतकरी जोखीम घ्यायला घाबरतो म्हणून गरीब राहतो, हे शास्त्राने सिद्ध झालंय का?’ याचं उत्तर त्यांच्याच सोलापूर जिल्ह्यात शोधलं गेलं होतं.

हैदराबादजवळच्या पाटणचेरूतल्या इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेने १९७५ मध्ये सहा गावांचा अभ्यास सुरू केला. त्यांत मोहोळ तालुक्यातलं शिरापूर आणि उत्तर सोलापूरचं कळमण ही दोन होती. प्रत्येक गावातली चाळीस घरं निवडली: भूमिहीन, लहान, मध्यम आणि मोठे शेतकरी, दहा-दहा.

हान्स बिनस्वांगर हा तरुण अर्थतज्ज्ञ तेव्हा इक्रिसॅटमध्ये होता. लोकांना जोखमीबद्दल नुसतं विचारून तो थांबला नाही. त्याने खरे पैसे लावून खेळ मांडला. एक पर्याय निवडायचा, मग नाणं उडवायचं. मोठ्या रकमेच्या फेरीत पहिला पर्याय असा: छापा पडो वा काटा, ५० रुपये नक्की. दुसऱ्या टोकाला एका बाजूला शून्य, दुसऱ्या बाजूला २००. मधल्या पर्यायांत जोखीम वाढेल तशी सरासरी कमाईही वाढणारी. खेळाची सुरुवात मात्र अर्ध्या रुपयापासून. पुढे बक्षीस मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षाही मोठं झालं! १९८० मध्ये निष्कर्ष छापून आले. रक्कम मोठी झाली की जवळजवळ सगळेच मध्यम प्रमाणात सावध होतात, आणि श्रीमंत-गरिबांत म्हणावा असा फरक नाही. तोंडी मुलाखतींतून आलेली उत्तरं मात्र याच्याशी मुळीच जुळली नाहीत. विचारणाऱ्याचा कल त्यांत उतरत होता. ‘शेतकऱ्यांना काय वाटतं’ अशी पाहणी वाचताना मला हे दरवेळी आठवतं.

म्हणजे श्रीमंत शेतकरी धाडसी आणि गरीब भित्रा, असं नाही. एकाला कर्ज, बाजार आणि सल्ला मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. धोरणाने हात घालायचा तो इथे.

शिरापूरसह तीन गावांच्या याच नोंदी पुढे अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंडने वापरल्या. त्याचा १९९४ चा निबंध जगभर शिकवला जातो: एका घराचं पीक बुडालं तरी त्या घराचा खर्च तेवढा कोसळत नाही, गाव एकमेकांना सावरतं. पण त्या तीनपैकी एका गावात भूमिहीनांना हा आधार कमी मिळत होता.

या सगळ्याच्या मुळाशी गावातच मुक्काम ठोकून राहिलेले अन्वेषक आहेत. शेतकी शिकलेली, खेड्यात वाढलेली, तिथली भाषा बोलणारी ही मुलं. दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जायचं. काय पेरलं, कुणाकडे मजुरी केली, कुणाकडून उसने घेतले, सगळं लिहायचं, वर्षानुवर्षं. नावाजलेल्या निबंधांच्या पहिल्या पानावर त्यांची नावं यायला हवी होती.