बंदूक सुटली, खडू हाती आला : वर्ध्याचे खानखोजे मेक्सिकोत शेतीचे मास्तर कसे झाले?

शहापूर (ता. भंडारा) : पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं आपल्या भागात नवीन नाहीत. कुणाला फौजेत जायचंय, कुणाला पोलिसात. पण २०२२ पूर्वी फौजेत गेलेला जवान बहुतेक वेळा पस्तिशी-चाळिशीतच पेन्शन घेऊन घरी येतो. मग प्रश्न पडतो, आता पुढे काय? याचं एक उत्तर आपल्याच विदर्भातल्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. त्यांचं नाव डॉ. पांडुरंग खानखोजे.

आधी लढाई

खानखोजे मूळचे वर्ध्याचे. इंग्रजांना हाकलायचं तर लष्करी शिक्षण पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. म्हणून तरुणपणीच ते घर सोडून जपानमार्गे अमेरिकेत गेले. तिथे कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपैस मिलिटरी अकॅडमीत शिकले. सोबत शेतीशास्त्राचं शिक्षणही घेतलं. १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर पक्षाच्या सुरुवातीच्या नेत्यांपैकी ते एक.

पहिलं महायुद्ध पेटल्यावर ते तुर्कस्तानमार्गे इराणात पोचले आणि बलुचिस्तानच्या सीमेवर इंग्रजी फौजेविरुद्ध गनिमी लढाईत उतरले. पण युद्ध इंग्रज जिंकले. मायदेशाचा रस्ता बंद झाला.

मग शाळा

१९२४ साली ते मेक्सिकोत आले, तेव्हा चाळिशीच्या आसपास होते. देश परका, भाषा परकी. पण शेती ओळखीची होती. चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवायला लागले.

मेक्सिकोत तेव्हा नुकतीच क्रांती होऊन गेली होती. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गरिबांना वाटल्या जात होत्या. जमीन मिळाली, पण चांगलं बी कुठलं, रोग कसा ओळखायचा, हे सांगणारं कोण? म्हणून खानखोजेंनी शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. कॉलेजातलं ज्ञान त्यांनी बांधावर नेलं. मका, गहू, कडधान्यं यांच्यावर संशोधन केलं. थंडी आणि दुष्काळ सोसणारे वाण तयार करण्यासाठी ते झटले.

मक्याचा संकर म्हणजे नेमकं काय?

आता उन्हाळी धानाऐवजी मका घेणारे आपल्याकडेही दिसतात, म्हणून हे समजून घ्या. मक्याच्या शेंड्यावरचा तुरा म्हणजे नर फूल. त्यातून पराग झडतो. खालच्या कणसातून निघणारे केस मादी फुलाचे. एका केसावर पराग पडला की कणसात एक दाणा भरतो. म्हणजे जितक्या केसांना पराग मिळाला, तितकेच दाणे.

संकर करताना केस निघण्याआधीच कणसावर कागदी पिशवी बांधतात. मग पाहिजे त्या झाडाचा पराग आणून केसांवर टाकतात आणि पुन्हा पिशवी बांधतात. खानखोजेंनी मक्याचा संकर टिओसिंटी नावाच्या रानगवताशीही केला. हे गवत मक्याचं पूर्वज. त्याच्या कणसात मोजकेच, कडक कवचाचे दाणे असतात.

धानाचं वेगळं. एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, म्हणून सरळ वाणाचं घरचं बी पुढच्या रोवणीला चालतं. संकरित बियाण्याचं मात्र दरसाल नवीन घ्यावं लागतं, कारण पुढच्या पिढीत गुण फुटतात.

पोरांना हे दाखवायचं असेल, तर केस निघण्याआधी एका कणसावर कागदी पिशवी बांधा आणि तुरा वाळेपर्यंत काढू नका. नंतर उघडलं की कणीस जवळपास रिकामं दिसेल.

घरी यायला उशीर झाला

मेक्सिकोने त्यांना मान दिला. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरात शिक्षण खात्याच्या इमारतीत काढलेल्या भित्तिचित्रात खानखोजे सगळ्यांना भाकरी वाटताना दिसतात.

आपल्याकडे मात्र उलटं झालं. देश स्वतंत्र झाला तरी इंग्रजांच्या काळची बंदी कागदावर तशीच होती, म्हणून त्यांना आधी व्हिसा नाकारला गेला. १९४९ साली ते अखेर आले. तेव्हा भंडारा, वर्धा, नागपूर हे सगळे जिल्हे मध्य प्रांतातच होते. पुढे ते नागपुरात राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी वारले. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला.

तुमच्या गावातही कुणी निवृत्त फौजी असतील. कुणी वायरलेस चालवलं असेल, कुणी इंजिनं दुरुस्त केली असतील, कुणी जखमींना प्रथमोपचार दिले असतील. हे सगळं विज्ञानच आहे. पंधरा ऑगस्टला त्यांना झेंडावंदनाला बोलावता, तसं एखाद्या शनिवारी वर्गात बोलवा. एक तास द्या. पोरं विचारतील, ते सांगतील.