सेल शून्य, तरी रिटर्न भरायचंच!

होस्टेलच्या रूमवर टी-शर्ट प्रिंट करून ऑनलाइन साइटवरून परराज्यात विकायचे, तर जीएसटी नंबर घ्यावाच लागतो. मग २७ने सुरू होणारा महाराष्ट्राचा नंबर येतो, स्टेटस पडतं, पार्टीही होते. रिटर्नचं काय? ‘पहिली ऑर्डर येऊ दे, मग बघू!’ घोळ नेमका इथेच होतो.

नंबर मिळाला की रिटर्न आलंच. एकही टी-शर्ट खपला नाही तरी ‘निल’ रिटर्न द्यावं लागतं. राहिलं तर दिवसाला २० रुपये लेट फी, एका रिटर्नला जास्तीत जास्त ५००. विक्री झाली असेल तर दिवसाला ५०. सलग सहा महिने रिटर्नच नाही, तर नोंदणी रद्द होऊ शकते. आणि हे निल रिटर्न १४४०९ वर एसएमएस करूनही जातं, म्हणजे आळसाला तसं काही कारण नाही.

दर महिन्याला फॉर्म दोन. काय विकलं ते जीएसटीआर-१ मध्ये, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत. कर किती ते ३बी मध्ये, २० तारखेपर्यंत. छोट्या व्यावसायिकांना तिमाही रिटर्नचा पर्याय आहे, पण कर असेल तर तो महिन्यालाच भरायचा.

खरी गंमत क्रेडिटची. समजा, २० हजारांचा प्रिंटर घेतला आणि त्यावर १८ टक्क्यांनी ३,६०० रुपये कर दिला. महिन्यात १० हजारांचे टी-शर्ट विकले, ५ टक्क्यांनी कर झाला ५००. हे ५०० त्या ३,६०० मधून वळते होतात, खिशातून काही जात नाही आणि उरलेले ३,१०० पुढच्या महिन्यांसाठी जमा राहतात. अट एवढीच, प्रिंटर नोंदणीनंतर घेतलेला हवा आणि बिलावर तुमचा जीएसटी नंबर हवा. ‘कच्चं बिल घे, स्वस्तात देतो’ म्हणणारा दुकानदार त्यामुळे महागातच पडतो. त्याने पक्कं बिल दिलं, पण स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवलंच नाही, तरी क्रेडिट अडकतं. म्हणून १४ तारखेला पोर्टलवर २बी उघडून आपलं बिल दिसतंय का ते पाहायचं. नसेल, तर दुकानदाराला फोन.

शेवटी मोबाइलवर ओटीपी येतो. तो टाकण्याआधी आकडे पुन्हा वाचा, कारण भरलेलं ३बी मागे घेता येत नाही.